परंपरेवर आधारलेली निवासी शाळा सुरू करावयाची आहे, मार्गदर्शन हवे

निरेकाठ यांचा प्रश्न

सप्रेम नमस्कार.

भोर तालुक्यात नीरा नदीच्या काठी आमची वडिलोपार्जित साडेचार एकर जमीन आहे. गेली सतरा वर्षे मी पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करीत आहे. पत्नी एका माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवते आणि या कल्पनेला तिचा पाठिंबा आहे. गावाकडे परतून तेथे एक छोटे निवासी गुरुकुल उभारावे, असा विचार तीन वर्षांपासून मनात घोळत आहे. आता तो केवळ मनात ठेवण्याचे वय राहिलेले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

सुरुवातीस आठ ते चौदा वयाची वीस मुले घ्यावीत, असे योजले आहे. पहाटे पाचला उठणे, प्रातःस्मरण, सूर्यनमस्कार, गोठ्यातील काम, त्यानंतर मराठी, संस्कृत, गणित व विज्ञान, दुपारी सुतारकाम किंवा शेती, दिवेलागणीला पाढ्यांसह परवचा, रामरक्षा, मनाचे श्लोक आणि हरिपाठ, असा दिनक्रम मनाशी आहे. माध्यम मराठी राहील. मोबाइल असणार नाही आणि चौदाव्या वर्षापर्यंत लेखी परीक्षाही असणार नाही. ठरावीक शुल्क न आकारता पालकांनी ऐपतीप्रमाणे दक्षिणा द्यावी, अशी इच्छा आहे. घरचे वळण या दिनक्रमाशी जुळणारे असावे, म्हणून पालकांची मुलाखत घेऊनच प्रवेश द्यावा, असे वाटते.

आम्ही स्वतःला शाळा न म्हणवता गुरुकुल म्हणवले, तर शासनाची मान्यता घ्यावी लागते का? मुलांना पुढे दहावीला कसे बसवावे? आणि मुले रात्रंदिवस सांभाळणे म्हणजे नेमके काय, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांच्याकडून ऐकावयास मिळाले तर फार बरे होईल.

---

माजी विस्तार अधिकारी यांचे उत्तर

आपला हेतू चांगला आहे. त्यामुळे कटू वाटेल ते आधी सांगतो. पाटीवर काय लिहिले आहे, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि आपला वयोगट नेमका त्यातच मोडतो. त्याच्या कलम १८ नुसार मान्यतेचे प्रमाणपत्र घेतल्याशिवाय शाळा सुरू करता किंवा चालवता येत नाही. तशी चालवल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्यानंतरही चालूच ठेवल्यास प्रत्येक दिवसाला १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

मदरसे, वैदिक पाठशाळा आणि प्रामुख्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना हा कायदा लागू नाही, अशी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली आहे. कोणीतरी आपल्याला हीच वाट सुचवील. परंतु आपण जो दिनक्रम लिहिला आहे त्यात गणित, विज्ञान, भाषा आणि सुतारकाम आहे. ही वैदिक पाठशाळा नव्हे. जे आपण नाही ते कागदावर व्हायचे आणि मुलांना मात्र सत्य बोलायला शिकवायचे, हे मला तरी जमले नसते. खरोखर वेदाध्ययनाची पाठशाळा काढावयाची असेल, तर उज्जैन येथील महर्षी सांदीपनी राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठानाची स्वतंत्र व्यवस्था आहे. पण तो निराळा संकल्प झाला.

सरळ मार्ग असा की, आधी न्यास किंवा संस्था नोंदवावी आणि महाराष्ट्र स्वयंअर्थसहाय्यित शाळा (स्थापना व विनियमन) अधिनियम, २०१२ खाली शाळेच्या परवानगीसाठी अर्ज करावा. या कायद्याखाली व्यक्तीला शाळा काढता येत नाही. जमीन शेतीची असल्यामुळे इमारत बांधण्यापूर्वी तिच्या अकृषिक वापराचा विषय निकाली काढावा लागेल. तो राहून गेल्यामुळे उभ्या इमारती वर्षानुवर्षे कुलुपात पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

मुलाखतीविषयी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही. आपला दिनक्रम पालकांना सविस्तर समजावून सांगावा, तो पाहण्यासाठी त्यांना दोन दिवस मुक्कामाला बोलवावे. मात्र “तुमच्या घरचे वळण आम्हाला चालणार नाही” असे म्हणून कोणालाही परत पाठवता येणार नाही. शिवाय विनाअनुदानित शाळेला पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवाव्या लागतात. कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना पूर्ण मनाई करते. “छडी लागे छमछम” ही परंपरा आपल्या मनात नसेलच, तरीही नोंदवून ठेवतो.

वीस मुलांमागे किती शिक्षक लागतील, याचा हिशेब आपण केला आहे का? आपल्या वयोगटात साधारण तिसरी ते आठवी येते. प्राथमिक वर्गांसाठी किमान दोन शिक्षक, आणि सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांचे निदान एकेक शिक्षक, तेही विहित पात्रतेचे. म्हणजे वीस मुलांमागे पाच पगार झाले. दक्षिणेवर हे चालेल, असे मला वाटत नाही.

---

गृहपती यांचे उत्तर

मी तेवीस वर्षे तीन वसतिगृहांत गृहपती म्हणून काम केले. कायद्याचे वर आलेच आहे, म्हणून मी फक्त शेवटच्या प्रश्नाविषयी लिहितो.

आपल्या पत्रात पहाटे पाच ते दिवेलागणीपर्यंतचा दिनक्रम आहे. रात्रीविषयी एक ओळही नाही. निवासी शाळा रात्री नऊनंतर सुरू होते.

एका जूनमध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा आला. ट्रंकेची किल्ली त्याने करगोट्याला बांधलेली होती आणि तो ट्रंक उघडेच ना. अंगावरच्या कपड्यांतच झोपे, दुसऱ्याचा टॉवेल मागून घेई. चौथ्या दिवशी भिंतीवरून मुंग्यांची रांग ट्रंकेकडे जाताना दिसली, तेव्हा ती उघडावी लागली. आईने दिलेले बेसनाचे लाडू जसेच्या तसे होते. ते संपले की घरचे काहीच उरणार नाही, असा त्याचा हिशेब होता. आमच्या दिनक्रमात त्या वेळी प्रार्थना होती, योगासने होती, सुभाषितेही होती. त्या मुलाजवळ रात्री अर्धा तास बसणारे माणूस मात्र कोणत्याही तक्त्यात नव्हते. ते काम आमच्या स्वयंपाकीणबाईंनी केले.

आठ-नऊ वर्षांच्या वीस मुलांत अंथरूण ओले करणारी एकदोन असतातच. ती गादी कोठे वाळत घालावयाची, हे आजच ठरवा. समोरच्या दोरीवर घातली, तर दुपारपर्यंत त्या मुलाला टोपणनाव मिळालेले असते आणि ते दहावीपर्यंत सुटत नाही. आमच्याकडे मागच्या बाजूला, बंबाच्या आडोशाला, सर्वांच्याच गाद्या आळीपाळीने वाळत घालण्याची पद्धत आम्ही पाडली. आपल्या संस्कारांविषयी कोणी विचारले, तर मी श्लोकांआधी ही दोरी दाखवीन.

खरूज येईल. ती एका मुलाला दिसली की डॉक्टरांना विचारून सर्वांना एकाच रात्री औषध लावावे लागते, आणि त्याच दिवशी सर्वांचे कपडे व पांघरुणे उकळून उन्हात टाकावी लागतात. भोरच्या पावसात जुलै महिन्यात ऊन कोठून आणणार, याचाही विचार करावा. पाण्याची तपासणी, दर महिन्याला डॉक्टरांची फेरी, रात्रीबेरात्री मुलाला तालुक्याला नेता येईल असे वाहन आणि ते चालवणारा माणूस या गोष्टी गायीच्याही आधी येतात.

पंगतीविषयी एक अनुभव लिहितो, संस्थेचे नाव लिहीत नाही. तेथे भोजनमंत्र अतिशय शुद्ध म्हटला जाई. मंत्र संपला की विश्वस्त आणि पाहुणे आधी जेवत, आणि त्यांची उष्टी ताटे मुले उचलीत. त्याला सेवाभाव म्हणत. मी असे सुचवले की विश्वस्तांनीही पंगतीत बसावे आणि आपले ताट आपण घासावे. पुढील वर्षी माझी नेमणूक पुढे चालू राहिली नाही. आपल्या गुरुकुलात भांडी कोण घासणार, हे कृपया लेखी ठरवा.

आणखी एक गोष्ट कोणी चारचौघांत बोलत नाही. मूल आणि एकटे मोठे माणूस बंद खोलीत असणार नाही, हा नियम संस्थापकासह सर्वांना लागू असला पाहिजे. लैंगिक अत्याचाराची घटना कळल्यावर ती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या माणसाचे प्रकरण दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गुरूवर संशय घेऊ नये, अशी ज्या वातावरणात शिकवण असते, तेथे मूल बोलत नाही. म्हणून दर आठवड्याला मुलांनी घरी एकांतात दूरध्वनी करावा, अशी सोय ठेवा. मोबाइल नसावा हे ठीक आहे, पण घरचा आवाजच नसावा, असे होऊ देऊ नका.

---

इंद्रायणी यांचे उत्तर

मूळ प्रश्नातील एका वाक्याशी मी अडखळले. “पत्नीचा पाठिंबा आहे.” साडेतीनशे दिवस वीस मुलांचे जेवण, आजारपण आणि रडणे कोण पाहणार, हे त्या पत्रात कोठेच नाही.

या विषयाचा इतिहास मी थोडाफार वाचला आहे. रवींद्रनाथांनी १९०१ च्या डिसेंबरात शांतिनिकेतनात पाच विद्यार्थ्यांना घेऊन ब्रह्मचर्याश्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी यांनी दागिने विकले. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आपल्याकडे भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी सातारच्या बोर्डिंगातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही मोडले, आणि जातीपातीचा विचार न करता त्या मुलांचे केले. त्याही १९३० मध्ये गेल्या. दोन्ही संस्थांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत. आपल्या पत्नीने हा मजकूर वाचून स्वतः येथे चार ओळी लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे. त्या संस्कृतच्या शिक्षिका आहेत, म्हणजे बहुधा त्याच आपल्या पहिल्या शिक्षिका, पहिल्या अधीक्षिका आणि, स्वयंपाकीणबाई रजेवर गेल्या की, पहिल्या स्वयंपाकीण होणार.

दुसरा मुद्दा ‘परंपरा’ या शब्दाचा. कोणाची परंपरा, हा प्रश्न पहिल्याच पंगतीत उभा राहतो. शांतिनिकेतनात अगदी सुरुवातीला ब्राह्मण विद्यार्थ्यांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावे की नाही, यावर खल झाला होता. प्राचीन आश्रमाचा आदर्श समोर ठेवला की त्याच्यामागून हाही प्रश्न येतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. त्या काळी मुलांना शहरात राहून शिकता यावे, यासाठी तोच व्यवहार्य मार्ग होता. भाऊराव त्याच्या पुढे गेले. १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या त्यांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत व एकत्र जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

तेव्हा रामरक्षेच्या शेजारी हरिपाठ असणे पुरेसे नाही, असे मला वाटते. भोरच्या परिसरातील कातकरी मुलगा आपल्याकडे आला, तर त्याच्या घरच्या परंपरेतील काय आपल्या दिनक्रमात असेल? त्याला मासे धरता येतात, रानातील कंद ओळखता येतात. तो हे इतर मुलांना शिकवील काय, की फक्त शुद्ध उच्चार शिकेल? आणि आपण ‘मुले’ म्हणता त्यात मुली आहेत का, हेही स्पष्ट नाही. असतील, तर स्वतंत्र निवास आणि चोवीस तास राहणारी अधीक्षिका यांच्याशिवाय विचारही करू नये.

पैशांविषयी एवढेच सांगते. आर्य समाजाचे स्वामी श्रद्धानंद, म्हणजे तेव्हाचे मुन्शीराम, यांनी ३०,००० रुपये जमल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा केली आणि ते गावोगाव हिंडले. १९०२ मध्ये हरिद्वारजवळ गंगेकाठी कांगडी येथे गुरुकुल उभे राहिले, त्यात त्यांचे स्वतःचे दोन्ही मुलगे विद्यार्थी होते. १९२४ च्या पुरात ते उद्ध्वस्त झाले आणि पलीकडच्या तीरावर पुन्हा बांधावे लागले. आपली जमीन नीरेच्या अगदी काठाला असेल, तर पूररेषा पाहून घ्यावी. आणि आपल्याला मुले असल्यास ती या गुरुकुलात शिकणार आहेत का, हेही सांगावे. पालक तोच प्रश्न सर्वांत आधी विचारतील.

आपले शिक्षणतज्ज्ञ विष्णु गोविंद विजापूरकर यांची आठवणही येथे हवी. कोल्हापुरातील प्राध्यापकी सोडून त्यांनी १९०६ मध्ये समर्थ विद्यालय काढले, ते पुढे तळेगाव दाभाड्याला गेले, आणि १९१० मध्ये सरकारने ते बंद केले. धर्मशिक्षण आणि उद्योगशिक्षण मातृभाषेतून एकत्र देण्याचा हा मराठी प्रयोग आज फारसा कोणाला आठवत नाही. गुरुकुल म्हटले की आपण थेट ऋषिमुनींकडे जातो. तळेगाव त्या मानाने भोरहून पुष्कळ जवळ आहे.

---

सतरा नंबरवाला यांचे उत्तर

मी अशाच एका निवासी गुरुकुलात पाचवी ते नववीच्या वयात राहिलो. नाव लिहिणार नाही, कारण तेथील दोन शिक्षकांविषयी मला आजही मनापासून आदर आहे.

चांगले काय मिळाले ते आधी सांगतो. गीतेचे सोळा अध्याय पाठ आहेत, तीसपर्यंतचे पाढे आणि पावकी, निमकी, दिडकी झोपेतून उठवले तरी म्हणता येतात, गायीची धार काढता येते आणि कोणत्याही कामाची लाज वाटत नाही. मात्र परीक्षा नसल्यामुळे मला काय येत नाही, हे पंधराव्या वर्षापर्यंत कोणालाच कळले नाही, मलाही नाही. बीजगणितातील समीकरण मी प्रथम पाहिले ते १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसलो तेव्हा. प्रयोगशाळेत पाऊलही टाकलेले नव्हते. इंग्रजी अर्ज शेजारच्या दादाने भरून दिला. पहिल्या प्रयत्नात गणित राहिले.

लेखी परीक्षा नको, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक मुलाला काय येते आणि काय येत नाही, याची वही असावी, ती दर तीन महिन्यांनी पालकांना दाखवावी आणि बाहेरच्या एखाद्या शिक्षकाकडून वर्षातून एकदा तपासून घ्यावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या मार्गाने चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावी देता येते आणि विषय निवडण्याची मोकळीकही अधिक आहे. परंतु मुलाला उद्या विज्ञान शाखेकडे जावेसे वाटले तर गणित व विज्ञान हे विषय घेतलेले असावेत, हे तेराव्या वर्षीच लक्षात ठेवावे लागते. आमच्या वेळी ते कोणी ठेवले नाही, कारण आम्ही “नोकरीसाठी शिकत नव्हतो”. हे वाक्य म्हणणारे सर्व जण निवृत्तिवेतन घेत होते.

---

निरेकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पत्नीने सर्व उत्तरे वाचली. तिचा निरोप जसाच्या तसा देतो. “पाठिंबा आहे असे मी म्हटले नव्हते, विचार करू असे म्हटले होते.” त्यावर आमचे दोन दिवस बोलणे झाले.

आम्हाला एक मुलगी आहे, ती दहा वर्षांची आहे. मी केवळ मुलग्यांचे गुरुकुल मनात धरून बसलो होतो, त्यामुळे तिचे काय, याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पूररेषेची चौकशी केली आहे. जमिनीचा खालचा तुकडा बांधकामासाठी सोडून द्यावा लागेल, असे दिसते.

एक शंका विचारतो. शाळाच न काढता केवळ वसतिगृह काढले आणि मुले गावातील जिल्हा परिषदेच्या व माध्यमिक शाळेत जाऊ लागली, तर आमच्या कल्पनेतील काय शिल्लक राहील?

---

गृहपती

पहाटेपासून शाळेच्या घंटेपर्यंतचा वेळ, शाळा सुटल्यापासून सकाळपर्यंतचा वेळ आणि सर्व सुट्ट्या एवढे शिल्लक राहील. सातारच्या बोर्डिंगातील मुलेही गावातील शाळांत जात, भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या स्वतःच्या शाळा नंतर वाढल्या. आपल्याला पाच शिक्षकांऐवजी एक दांपत्य, एक स्वयंपाकीणबाई आणि एक गडी लागेल. परवचा, गोठा, सुतारकाम, संस्कृत हे सर्व करता येईल. दहावीचा प्रश्न शाळेकडे राहील, आणि आपली मुले गावातील मुलांबरोबर खेळतील, हा फायदा मी फार मोठा मानतो.

---

माजी विस्तार अधिकारी

या मार्गाने शाळेच्या मान्यतेचा प्रश्न उद्भवत नाही, मात्र न्यासाची नोंदणी, जमिनीच्या अकृषिक वापराची पूर्तता, स्वयंपाकघराची अन्नसुरक्षा नोंदणी आणि अग्निसुरक्षा यांतून सुटका नाही. अनाथ किंवा निराधार मुले ठेवणार असाल, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ खालील नोंदणी स्वतंत्रपणे करावी लागेल. ती न करता दयेपोटी एकही मूल ठेवून घेऊ नका. गावातील दोन्ही मुख्याध्यापकांना मार्चपूर्वी भेटा. पटसंख्या घटत असेल, तर ते आपले स्वागतच करतील, कारण सहा-आठ मुले वाढली तरी त्यांच्या शाळेच्या दृष्टीने ती लहान संख्या नाही.

---

निरेकाठ

पुढच्या शनिवारी दोघेही भोरला जात आहोत. मुलीलाही नेणार आहोत. तिने विचारले आहे की सर्वांच्या गाद्या वाळत घालण्याची दोरी किती लांब लागते. गृहपती, आपल्याकडे वीस मुलांमागे किती लांब होती?

---

गृहपती

एका वेळी पाच गाद्या, म्हणून चाळीस फूट. पावसाळ्यासाठी वर पत्रा टाका.